प्रतिष्ठा कुणाची?
प्राचीन रोममध्ये प्रतिष्ठा पदाबरोबर यायची. सिनेटरला ती होती, गुलामाला नव्हती. ती प्रत्येकाला जन्मतःच असते, हे कायद्यात उतरायला फार काळ लागला. नाझी राजवटीनंतर पश्चिम जर्मनीने १९४९च्या राज्यघटनेचं पहिलंच कलम माणसाच्या प्रतिष्ठेला दिलं. हे ऐकायला गोड वाटतं. त्याची धार २००६ साली दिसली. अपहरण झालेलं विमान शस्त्र म्हणून वापरलं जाणार असेल, तर ते पाडण्याची मुभा देणारी तरतूद तिथल्या घटना न्यायालयाने रद्द केली. आतले निरपराध प्रवासी थोड्या वेळाने मरणारच असले, तरी इतरांना वाचवायला सरकारने त्यांचा निव्वळ साधनासारखा वापर करायचा नाही, असा तो निकाल. अनेकांना तो पटत नाही. मला पटतो, पण अस्वस्थ होऊनच.

आपल्याकडे महाडला तर प्रतिष्ठेचा हाच प्रश्न नुसत्या पाण्यावरून उभा राहिला. नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं केलं होतं, अर्थात कागदावर; अस्पृश्य मानलेल्यांना ते बंदच होतं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांनी त्यातलं पाणी प्यायलं. त्यानंतर सत्याग्रहींना मारहाण झाली आणि सवर्णांनी तळ्याचं ‘शुद्धीकरण’ही उरकलं. तळ्यावरच्या हक्काचा खटला मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. निकाल यायला १९३७ उजाडलं.