मार्गनियोजन : संगणक आणि वाहनचालक
बालाघाटहून निघालेल्या वाहनास दहा गावी माल पोचवावयाचा असल्यास गावांचा क्रम ३६,२८,८०० प्रकारे लावता येतो. त्यांतून कमी अंतराचा क्रम संगणक क्षणात सुचवितो. एडझर डाइक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेली लघुतम मार्ग शोधण्याची रीत या विद्येचा एक आधार होय. यामुळे इंधन व वेळ वाचतो. तथापि, चालकांचा आक्षेपही विचारार्ह आहे. बैहरकडील घाटाची चढण, पावसाळ्यात पाण्याखाली जाणारा नाल्यावरील पूल, आठवडी बाजाराची गर्दी यांची नोंद यंत्रात नसल्यास जवळचा मार्गच लांबचा ठरतो. विलंबाचा दोष मात्र चालकाच्या माथी येतो. यास्तव क्रम यंत्राने सुचवावा, तो बदलण्याची मुभा चालकास असावी व बदलाचे कारण नोंदले जावे. अशा नोंदींमुळेच पुढील नियोजन अधिक अचूक होईल.