चित्ता बघायला गेलो, कुत्रा बघून आलो

मागच्या वेळी प्रश्नोत्तरांत एका श्रोत्यांनी विचारलं होतं, ‘चित्ता वाचवायचा म्हणजे नेमकं करायचं काय?’ त्याचं उत्तर आम्हाला नामिबियात मिळालं.

ओचीवारोंगो गावाहून कच्च्या रस्त्यानं तासाभराच्या आत चित्ता संवर्धन केंद्र येतं. लॉरी मार्कर यांनी ही संस्था १९९० साली सुरू केली. कुंपणाआड चित्ते होते. आपण बिबट्यालाही सर्रास चित्ता म्हणतो, म्हणून खूण सांगतो: चित्त्याचे ठिपके भरीव, आणि डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ. तो डरकाळी फोडत नाही, मांजरासारखा घुरघुरतो.

आम्ही विचारलं, ‘यांना रानात कधी सोडणार?’ उत्तर आलं, ‘यांतल्या बऱ्याच जणांना कधीच नाही.’ पिल्लू आईजवळ साधारण दीड वर्ष राहून शिकार शिकतं. लहानपणीच आई गेली की ते शिक्षण राहून जातं.

आई मारतं कोण? नामिबियातले बहुतेक चित्ते अभयारण्यांबाहेर, गुराढोरांच्या खासगी कुरणांवर राहतात. अभयारण्यात सिंह आणि तरस त्यांची शिकार हिसकावतात, पिल्लंही मारतात. कुरणात मात्र मालकाशी गाठ. १९८०च्या दशकात तिथं हजारो चित्ते मारले किंवा पकडले गेले. मालकाचंही चुकलं म्हणता येत नाही. शेळी गेली की त्याचे पैसे गेले.

म्हणून १९९४पासून केंद्र तुर्कस्तानी अनातोलियन जातीचे राखणदार कुत्रे शेतकऱ्यांना देतं. पिल्लू लहानपणापासून शेळ्यांतच वाढतं, कळपाला आपलं घर समजतं. चित्ता दिसला की आडवं उभं राहून जोरात भुंकतं. चित्ता अंगानं हलका. जखम झाली तर धावणं बंद, म्हणजे उपाशी मरणं. म्हणून तो भांडण टाळतो, निघून जातो. शेळी वाचते, चित्ताही वाचतो. आपल्या धनगरांना हे नवीन नाही. लांडग्यापासून मेंढरं राखायला त्यांच्या वाड्यावर कुत्री असतातच.

१७ सप्टेंबर २०२२ला नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशात कुनोला आले. त्या कामात या केंद्राचा सहभाग होता. चित्ता कुंपण ओळखत नाही, तो गावांकडं जाणारच. तेव्हा तिथल्या शेळीवाल्याच्या हाती आपण काय दिलंय, हे आधी विचारायला हवं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.