सहा आकड्यांची किल्ली

दारावर थाप पडली की आतून प्रश्न येतो, "कोण?" आपल्या सीमाभागातल्या घरांत तो कधी "यारु?" असाही येतो. बाहेरचा माणूस नुसते "मी" म्हणतो आणि त्याच्या आवाजावरून कडी निघते. इंटरनेटवरच्या सेवांना ही सोय नसते. नवे खाते उघडणाऱ्याला त्यांनी कधी पाहिलेले नसते, त्याचा आवाजही ऐकलेला नसतो. मग हा माणूस खरा आहे हे ओळखायचे कसे?

आमच्या ओळखीच्या एका काकूंना याचे उत्तर जरा महागात समजले. काकूंचे माहेर धारवाडकडचे, सासर बेळगावचे. एके दिवशी भावजयीचा व्हॉट्सॲपवर कन्नडमधून निरोप आला, "अक्का, चुकून तुमच्या मोबाइलवर सहा आकडे आले आहेत, तेवढे मला पाठवा." काकूंनी पाठवले. थोड्याच वेळात त्यांच्या फोनवरचे व्हॉट्सॲप बंद झाले. मग काकूंच्या नावाने माहेरी कन्नडमधून आणि सासरी मराठीतून पैशांची मागणी सुरू झाली. दीरांनी विश्वासाने दहा हजार रुपये पाठवलेसुद्धा! भावजयीचे खाते तसेच आधी चोरीला गेले होते, हे नंतर कळले.

त्या सहा आकड्यांत एवढे काय होते?

खाते उघडताना बहुतेक ठिकाणी आपल्याला मोबाइल क्रमांक किंवा ई-मेलचा पत्ता विचारतात आणि त्यावर एक संकेतांक किंवा दुवा पाठवतात. तो आपण परत भरला की खाते सुरू होते. यातून सिद्ध होते ते एवढेच, की हा क्रमांक या घटकेला आपल्या हातात आहे. आपण कोण, कुठले, हे त्यातून कळत नाही. म्हणूनच ते आकडे ज्याच्या हाती जातात, त्यालाच ती सेवा मालक समजते. काकूंचे व्हॉट्सॲप चोराने स्वतःच्या फोनवर सुरू केले, त्याचा संकेतांक काकूंच्या मोबाइलवर आला आणि तो त्यांनी आपल्याच हाताने देऊन टाकला. कुलूप फोडावे लागलेच नाही, किल्ली घरातूनच मिळाली.

काही ठिकाणी वेडीवाकडी अक्षरे वाचून लिहायला सांगतात, नाहीतर चित्रांतले ट्रॅफिक सिग्नल ओळखायला लावतात. याला 'कॅप्चा' म्हणतात. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी २००० च्या सुमारास ही युक्ती विकसित केली. एकच संगणक-प्रोग्रॅम हजारो खोटी खाती उघडू शकतो. त्याला अडवून माणसाला आत सोडायचे, हा तिचा उद्देश. आपल्याला तो वैताग वाटतो, पण खोट्या खात्यांचा पहिला लोंढा तिथे अडतो.

आता आपण काय करावे?

व्हॉट्सॲपमध्ये 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' ही सोय २०१७ पासून सर्वांसाठी आहे. सेटिंग्जमधल्या 'अकाउंट'मध्ये जाऊन आपला सहा आकडी पिन ठरवून ठेवावा. मग मोबाइलवर आलेला संकेतांक चोराला मिळाला, तरी पिनशिवाय त्याचे काम होत नाही. अर्थात, हा पिनही कोणाला सांगायचा नाही.

ई-मेलच्या खात्याला सर्वांत जास्त जपावे. इतर खात्यांचे पासवर्ड बदलण्याचे दुवे तिथेच येतात. त्याचा पासवर्ड वेगळा असावा, दुसरीकडे वापरलेला नको.

मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी पुण्याला किंवा बेंगळुरूला जातात आणि जुने सिमकार्ड टाकून देतात. बंद झालेला क्रमांक निदान ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. मग आपले संकेतांक त्या अनोळखी माणसाच्या फोनवर जाऊ लागतात. म्हणून क्रमांक सोडण्यापूर्वी बँक, ई-मेल आणि इतर सर्व ठिकाणी नवा क्रमांक नोंदवून घ्यावा.

आणि खाते गेलेच, तर घाबरून बसू नये. आपल्याच फोनवर आपला क्रमांक टाकून व्हॉट्सॲप पुन्हा सुरू करावे. नवा संकेतांक आपल्याकडेच येतो, आणि तो भरला की चोर आपोआप बाहेर पडतो. चोराने स्वतःचा पिन लावून ठेवला असेल तर आपल्याला सात दिवस थांबावे लागते, पण चोर त्याआधीच बाहेर गेलेला असतो. दरम्यान, सर्व नातेवाइकांना साध्या फोनवरून सावध करावे. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. जितकी लवकर तक्रार, तितकी ती रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

काकूंच्या दीरांनी एक फोन केला असता तर दहा हजार वाचले असते. लिहिलेल्या निरोपाला आवाज नसतो. म्हणून पैसे किंवा आकडे मागणारा निरोप कितीही जवळच्या माणसाकडून आला, तरी आधी फोन लावून आवाज ऐकावा. काकूंनी आता फोनजवळच्या भिंतीवर दोन ओळींचा कागद चिकटवला आहे. एक मराठीत, "आकडे कोणालाही सांगायचे नाहीत." आणि खाली, माहेरची माणसे आली तर त्यांच्यासाठी, "यारिगू कोडबेडी!"