बसलं म्हणजे जुळलं नव्हे

रोह्याजवळ धाटावच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या गेटवर ट्रकांचा वजनकाटा आहे. जुना, पण वजन चोख. पावसाळ्यात तिथला कॉम्प्युटर बदलला आणि काट्याची केबल कुठेच बसेना. वजनाचा आकडा दाखवणाऱ्या इंडिकेटरच्या मागे २५ पिनांचं सॉकेट, कॉम्प्युटरला ९ पिनांचं. चिठ्ठ्या हाताने लिहायची पाळी आली. मला पेणला फोन आला, "दादा, सगळा इंडिकेटरच बदला म्हणतायत. तुम्ही बघता का एकदा?"

मी दिवा-रोहा गाडी पकडली. रोह्याला मध्य रेल्वेची हद्द संपते, पुढे कोकण रेल्वे. मालक बदलला तरी लांब पल्ल्याची गाडी तशीच कोलाडकडे निघते, कारण दोन्हीकडे रुळांमधलं अंतर तेच, १,६७६ मिलिमीटर. कॉम्प्युटरच्या सॉकेटांचं असं नाही.

काटा आणि कॉम्प्युटर यांच्यातल्या या जोडणीची आरएस-२३२ ही पद्धत १९६० सालची. तिचं सॉकेट २५ पिनांचं असे. १९८४मध्ये आयबीएमने पीसी-एटी काढताना नेहमी लागणाऱ्या ९ पिना ठेवल्या, पण त्यांचे नंबर बदलले. ९ पिनांच्या कॉम्प्युटरवर २ नंबर ऐकतो, ३ नंबर बोलतो आणि ५ म्हणजे ग्राउंड. २५ पिनांत ग्राउंड ७ नंबरला, आणि बोलणारी पिन कधी २, कधी ३. ते यंत्र बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं.

म्हणून मी तारांच्या रंगावर विश्वास ठेवत नाही, मीटरवर ठेवतो. काळी प्रोब ७ नंबरला धरली, लाल २ नंबरला. मीटरने उणे ९ व्होल्ट दाखवले. ३ नंबरवर जवळजवळ शून्य. स्वस्थ बसलेली बोलणारी तार नेहमी उणे व्होल्ट दाखवते. म्हणजे काटा २ नंबरवरून बोलत होता. जोडणी ठरली: २ ला २, ३ ला ३, ७ ला ५.

केबल बनवायला तास लागला. आधी श्रिंक स्लीव्हचे तुकडे तारेत ओवून ठेवायचे, नाहीतर डाग दिल्यावर आठवतात. पिनेच्या वाटीत थोडं कथील वितळवायचं, तारेच्या टोकालाही लावायचं, मग दोन्ही एकत्र तापवून हात स्थिर ठेवायचा. डाग चकचकीत बसला पाहिजे. मातकट, दाणेदार दिसला तर पुन्हा तापवा. कॉम्प्युटरच्या बाजूला ७ आणि ८ एका तुकड्याने जोडले, कारण काही प्रोग्राम 'पाठवू का?' विचारून उत्तराची वाट बघत बसतात.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत पेणमधल्या एका दुकानात मी अशाच एका यंत्राची २५ पिनांची केबल कॉम्प्युटरच्या मागे लावली. अगदी घट्ट बसली. पण ते सॉकेट प्रिंटरचं होतं. तिथे ५ व्होल्टचा कारभार, आणि माझ्या केबलवर बाराच्या आसपास. तो पोर्ट परत कधी चालला नाही. भरपाई मी दिली, आणि तेव्हापासून मीटर लावल्याशिवाय एकही प्लग खोचला नाही.

ज्यांच्याकडे फक्त यूएसबी आहे त्यांना एक सांगतो: तिथे तारा जोडून भागत नाही. यूएसबीची भाषाच वेगळी, मधे दुभाष्याचं काम करणारी चिप असलेला कन्व्हर्टरच लागतो. नुसत्या तारेची केबल करून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

धाटावला केबल लावल्यावर स्क्रीनवर आधी नुसती चिन्हं आली. केबल बरोबर होती, वेग जुळत नव्हता. इंडिकेटर २४००ने बोलत होता, कॉम्प्युटर ९६००ने ऐकत होता. सेटिंग बदललं. गेटवरचे काका काट्यावर जाऊन उभे राहिले आणि स्क्रीनवर ७० उमटलं. बाहेर पहिल्या ट्रकवाल्याने इंजिन सुरू केलं.

निघताना केबलला चिठ्ठी चिकटवली: २५ ते ९, २-२, ३-३, ७-५, वेग २४००.