दाण्याच्या डब्यातली बुरशी

श्रावणी सोमवारी खिचडीसाठी दाण्याचा डबा काढावा आणि तळाशी हिरवट-पिवळी पूड धरलेले दाणे दिसावेत, हा अनुभव कुठल्या गृहिणीला नाही? महागाचे दाणे टाकवत तर नाहीत. मग "खरपूस भाजले की झालं!" असं म्हणून आपण कढई चढवतो. घोटाळा होतो तो इथंच.

ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाची ही बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. दोष निघाला त्यांच्या खाण्यातल्या शेंगदाणा पेंडीचा. आपल्याकडे १९७४ साली बांसवाडा आणि पंचमहाल भागांत अवकाळी पावसानं भिजलेला मका खाऊन शंभरावर माणसं कावीळ होऊन दगावली. घरची कुत्रीसुद्धा वाचली नाहीत. थोडं थोडं विष वर्षानुवर्षं पोटात गेलं, तर यकृताच्या कर्करोगाची भीती असते.

गंमत म्हणजे, ही बुरशी सदा विषच करत बसत नाही. तिच्या पेशीत या कामाचे सुमारे पंचवीस जीन शेजारी शेजारी असतात आणि त्यांच्यावर एक मुकादम जीन. त्याचा हुकूम सुटेपर्यंत कारखाना बंद! ३७ अंश उष्णतेत बुरशी जोमानं वाढते, पण विष फारसं करत नाही. ३० अंशांच्या आसपास, दमट हवेत मात्र काम धडाक्यात सुरू. म्हणजे आपला पावसाळाच की! तिच्या भावकीतली पेनिसिलिनची बुरशीही अशीच लहरी. ग्लुकोज भरपूर मिळत असेतो ती औषध करायचं मनावर घेत नाही.

एकदा तयार झालेलं विष आपल्या कढईनं किंवा कुकरनं पुरतं जात नाही. म्हणून काळजी आधीच घ्यायची. दाणे घेतानाच सुरकुतलेले, काळपट, फुटके वेचून टाकावेत. विष बहुधा अशा मोजक्याच दाण्यांत साठलेलं असतं. बाकीचे कडक उन्हात वाळवून, पूर्ण निवल्यावरच कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरावेत. गरम भरले तर आत घाम धरतो. ओला चमचा तर नकोच. एवढं करूनही डब्यात बुरशी पसरली, तर सगळेच दाणे टाकायचे. जिवावर येतं खरं!

पण ते गाईपुढे ठेवू नका हं. तिच्या पोटात गेलेल्या विषाचा थोडा अंश रूप बदलून दुधात उतरतो, आणि तेच दूध सकाळी आपल्या दारी येतं.