वकिलातीच्या दारी इंग्रजीची शिकवणी

डोंबिवली आणि कल्याण ह्या दोन गजबजलेल्या स्थानकांच्या मध्ये ठाकुर्ली आहे. जलद गाड्या तिथे थांबत नाहीत. गाड्यांना वीज पुरवणारे रेल्वेचे ते जुने चोळे वीजघर कधीच थंड झाले, पण त्याच्या आसऱ्याने वसलेल्या वस्तीत शिकलेली मुले-मुली मात्र पिढ्यानपिढ्या तयार होत राहिली. कुणी बँकेत, कुणी रेल्वेत, आणि घरटी एखादी तरी मुलगी इंग्रजी घेऊन बी. ए., बी. एड. झालेली. सकाळी शाळा, संध्याकाळी चौथी ते दहावीच्या शिकवण्या. अशा घरात हल्ली एक प्रश्न वरचेवर निघतो. दूरच्या नात्यातल्या कुणी तरी सांगितलेले असते, की अमक्या देशात वकिलातीत इंग्रजी शिकवायची नोकरी मिळते, पगार चांगला, मान मोठा. आईला हौस, वडिलांना धास्ती, आणि मुलगी दोघांच्या मधोमध.

ह्या प्रश्नाचे सरळ उत्तर द्यावयाचे, तर अशी कामे असतात, पण लोकांना वाटते तशी नसतात. ती कशी असतात, कुणाला मिळतात आणि कुठे फसगत होते, हे घरात बसून बोलण्यासारखे आहे.

राजदूत इंग्रजी का शिकतो?

वकिलातीत इंग्रजी कोण शिकणार, असे वाटणे साहजिक आहे. राजदूत म्हटला की चार भाषा सफाईने बोलणारा मनुष्य, अशी आपली समजूत. प्रत्यक्षात मुत्सद्द्यांची भाषा कित्येक पिढ्या फ्रेंच होती. १९१९ साली व्हर्सायचा तह झाला तेव्हा त्याची फ्रेंच आणि इंग्रजी अशी दोन्ही संहिता सारखीच प्रमाण मानली गेली, आणि तेथून इंग्रजीचे पारडे जड होत गेले. आजही लॅटिन अमेरिकेतला, फ्रेंच बोलणाऱ्या आफ्रिकेतला किंवा पूर्व आशियातला एखादा दुसरा सचिव आपल्या भाषेत उत्तम असतो, पण इंग्रजीतल्या पत्रव्यवहारापुढे अडतो. त्याच्या बायकोला बाजारहाट करायचा असतो, मुलांना इंग्रजी शाळेत टिकायचे असते, आणि कचेरीतल्या स्थानिक कारकुनाला दूरध्वनीवर नीट बोलायचे असते. म्हणून वकिलाती शिक्षक शोधतात. ही बहुतेक वेळा तासाच्या हिशोबाची शिकवणी असते, कायमची नोकरी नव्हे.

आणि इथेच पहिली खोच आहे. असा शिक्षक वकिलाती सहसा त्याच गावात शोधतात. ठाकुर्लीहून पत्र टाकून अशी जागा मिळाल्याचे ऐकलेत, तर ती अपवादाची गोष्ट समजावी. नवऱ्याच्या नोकरीनिमित्त परदेशी गेलेली बाई, तिथे शिकायला गेलेला आणि काम करण्याची रीतसर मुभा असलेला विद्यार्थी, एखाद्या आंतरराष्ट्रीय शाळेत आधीच असलेली शिक्षिका, अशांनाच ती मिळते. तेव्हा वकिलात शोधण्याआधी त्या गावी राहण्याचे अधिकृत कारण शोधावे लागते.

चार दारे

पहिले दार हे तासांच्या शिकवणीचे. दुसरे दार आपल्या स्वतःच्या राजदूतावासांशी जोडलेल्या शाळांचे. केंद्रीय विद्यालय संघटनेच्या मॉस्को, तेहरान आणि काठमांडू येथे शाळा आहेत. तेथील नियमित जागा मुख्यत्वे संघटनेत आधीपासून काम करणाऱ्या शिक्षकांतून ठराविक मुदतीसाठी भरल्या जातात. म्हणजे ज्या मुलीला मॉस्कोला जायचे असेल, तिने आधी देशातल्या केंद्रीय विद्यालयात पाय रोवावा. रस्ता लांबचा आहे, पण पक्का आहे.

तिसरे दार भारत सरकारच्या सहकार्य योजनांचे. हैदराबादचे इंग्रजी आणि परदेशी भाषा विद्यापीठ १९५८ साली एक संस्था म्हणून सुरू झाले. त्या संस्थेच्या मदतीने कंबोडिया, लाओस, म्यानमार, व्हिएतनाम अशा देशांत इंग्रजी प्रशिक्षणाची केंद्रे उभी राहिली, आणि तिथे भारतातून शिक्षक गेले. इंग्रजी शिकवणारे भारतीय, आणि शिकणारे तिथले सरकारी नोकर! आपल्या आजोबांनी हे ऐकले असते तर मिशीत हसले असते.

चौथे दार इंग्लंड-अमेरिकेचे. ब्रिटिश कौन्सिल १९३४ साली स्थापन झाली. अनेक देशांत तिचे वर्ग चालतात, आणि ती प्रमाणपत्र व अनुभव पाहते. अमेरिकेची 'इंग्लिश लँग्वेज फेलो' म्हणून एक योजना आहे, पण ती अमेरिकन नागरिकांपुरतीच. तिच्या नावाने कुणी अर्ज भरून देतो म्हणाला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

कल्याणचा एक जुना अर्ज

परदेशी नोकरीच्या शोधाची एक जुनी हकिकत ठाकुर्लीला अगदी शेजारच्या घरची आहे. पुढे डॉक्टर आनंदीबाई जोशी म्हणून नाव गाजलेल्या यमुनेचा जन्म १८६५ साली ३१ मार्चला कल्याणात झाला. तिचे पती गोपाळराव पोस्टात होते. १८७८ साली त्यांनी कोल्हापूर मुक्कामी असताना, पूर्वी तिथे काम केलेले आणि नंतर अमेरिकेत परतलेले मिशनरी वाइल्डर ह्यांना पत्र लिहिले. पत्नीच्या शिक्षणाची सोय व्हावी आणि स्वतःला अमेरिकेत एखादी योग्य जागा मिळावी, असे मागणे होते. परदेशी नोकरीसाठी केलेला हा आपल्या भागातला एक जुना अर्जच म्हणावा.

उत्तराचा रोख धर्मांतराकडे होता. गोपाळरावांनी ती अट मानली नाही. म्हणजे नोकरीचा अर्ज वाया गेला. पण वाइल्डर ह्यांनी तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला, आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडोसिया कार्पेंटर नावाच्या बाईंनी तो दंतवैद्याच्या दवाखान्यात बसल्या-बसल्या वाचला. त्यांनी आपण होऊन पत्र लिहिले. तिथून ओळख वाढली. १८८३च्या एप्रिलमध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या, आणि १८८६च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात त्यांचे निधन झाले.

ह्या हकिकतीतून आपल्या विषयापुरते दोन धडे घ्यावेत. पहिला असा, की परदेशातली जागा छापील जाहिरातीपेक्षा ओळखीने उघडते, आणि ती ओळख अनोळखी माणसाच्या मनातून येते. दुसरा असा, की पत्राच्या उत्तरात एखादी अट दडलेली असते, आणि ती वाचून 'नाही' म्हणण्याची ताकद घरात असावी लागते.

'नेटिव्ह' हा शब्द

इंग्रजी शिकवायला निघालेल्या आपल्या मुलीला पहिला धक्का शब्दाचा बसतो. ज्या शब्दाने इंग्रज आपल्याला हिणवीत असत, तोच 'नेटिव्ह' आता उलटा फिरला आहे. आता 'नेटिव्ह' म्हणजे ज्याची मातृभाषा इंग्रजी, तो. दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवण्याचा परवाना मुळात सात देशांच्या पारपत्रांवर मिळतो, आणि त्यात भारत नाही. १ जानेवारी २०१० रोजी भारताशी झालेला आर्थिक करार अमलात आला, त्यात भारतीय सहायक शिक्षकांसाठी तेवढी एक फट ठेवली गेली. इतर देशांतही असा भेद आहे. वर्तमानपत्रात जाहिरात कोणती, तिच्यात पारपत्राची अट कोणती, हे आधी पाहावे. उच्चारांची लाज बाळगू नये, पण दाराला कुलूप असेल तर खिडकी शोधावी.

खिडकी आहे ती प्रमाणपत्राची. केंब्रिजचे सेल्टा हे प्रौढांना इंग्रजी शिकवण्याचे प्रमाणपत्र. त्यात साधारण १२० तासांचा अभ्यास आणि खऱ्या विद्यार्थ्यांपुढे निदान सहा तासांचे शिकवणे असते, तेही परीक्षकाच्या नजरेसमोर. आपल्या बी. एड.मध्ये मुलांना शिकवण्याची तालीम होते, तर इथे मोठ्या माणसांना शिकवण्याची. चाळीस वर्षांचा सचिव वर्गात लाजतो, चुकायला घाबरतो. त्याला पाठ्यपुस्तक नको असते, तर उद्याच्या बैठकीतली चार वाक्ये हवी असतात. हे ज्याला जमते, त्याच्या पारपत्राकडे लोक जरा कमी पाहतात.

कागदपत्रांची तयारीही आधीच करावी. भारत १४ जुलै २००५ पासून हेगच्या अपोस्टिल करारात आहे. त्यामुळे आपल्या पदवीवर राज्याची व परराष्ट्र मंत्रालयाची मोहोर लागली, की करारातल्या देशांत ती चालते. संयुक्त अरब अमिराती, कतार, कुवेत अशा कराराबाहेरच्या देशांसाठी मात्र त्यांच्या वकिलातीचे वेगळे शिक्के लागतात. ऐन वेळी धावपळ करण्यापेक्षा दिवाळीच्या सुट्टीत हे उरकलेले बरे.

पैसे कोण कुणाला देतो?

आता त्या दोन गोष्टी, ज्यांवर घरातली पुंजी अवलंबून आहे.

पहिली गोष्ट, दलाल. परदेशी नोकरी लावून देणाऱ्याला १९८३च्या स्थलांतर कायद्याखाली नोंदणी लागते. त्याची फी नियमानुसार तीस हजार रुपये आणि त्यावर अठरा टक्के कर, एवढीच कमाल आहे. नोंदणी आहे की नाही, हे सरकारच्या ई-मायग्रेट नोंदीत पाहता येते. वकिलात नोकरी देताना उमेदवाराकडून पैसे मागत नाही. कुणी 'राजदूतसाहेबांच्या सहीचे' पत्र दाखवून दोन लाख मागितले, तर त्या सहीपेक्षा आपल्या दारावरची तोरणाची पाने अधिक खरी.

दुसरी गोष्ट कमी माहीत असते. वकिलातीची जागा १९६१च्या व्हिएन्ना करारानुसार अभेद्य असते. तिच्या आत बेलिफ जाऊ शकत नाही. पगार थकला तर साध्या कारखान्याच्या मालकासारखे तिला कोर्टात खेचता येत नाही. आपल्याकडे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८६ खाली परक्या सरकारावर दावा लावण्यास केंद्र सरकारची लेखी संमती लागते. लंडनमध्ये सुदान आणि लिबियाच्या वकिलातींत घरकाम करणाऱ्या दोघी बायका पगार व नोकरीच्या हक्कासाठी लढत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल लागला. पण त्यासाठी किती वर्षे झिजावे लागले! म्हणून तासाच्या शिकवणीत पैसे महिन्याअखेरीस नव्हे, तर आठवड्याला घ्यावेत, आणि अटी एका कागदावर दोघांच्या सह्यांनी असाव्यात. वकिलातीचा मोठा फाटक पाहून लेखी कराराची लाज वाटू देऊ नये.

ह्याच्या जोडीला आणखी एक. वकिलातीत काम मिळाले म्हणजे त्या देशात राहण्याचा परवाना आपोआप मिळतो, असा गैरसमज असतो. परवाना त्या देशाचे सरकार देते. काम त्या परवान्यात बसते का, हे आधी विचारून घ्यावे. नाहीतर अभिमानाने शिकवायला निघालेली मुलगी एका दिवसात परतीच्या विमानात बसते.

घरातल्या बैठकीसाठी

तेव्हा मुलीने प्रश्न काढला, की वडिलांनी एकदम नको म्हणू नये, आणि आईने एकदम पेढे वाटू नयेत. चार प्रश्न विचारावेत. राहण्याचा परवाना कशाच्या जोरावर? पैसे देणारा कोण, आणि कागद कुठे आहे? पारपत्राची अट काय? आणि काम संपले तर परतीचे तिकीट कोणाकडे? ही चार उत्तरे समाधानकारक असतील, तर मग परदेशाची भीती कशाला? शिकवणे हा धंदाच असा, की जो प्रामाणिकपणे करतो त्याच्याकडे विद्यार्थी आपल्या पायाने येतात.

उत्तरे समाधानकारक नसतील, तर वर्षभर थांबावे. तेवढ्यात ते प्रमाणपत्र होईल, दोन मोठ्या माणसांना शिकवून हात बसेल. मुंबईत निरनिराळ्या देशांच्या वाणिज्य वकिलाती आहेत, आणि ठाकुर्लीहून संथ गाडीने तिथे रोज जाता येते. तिथल्या एखाद्या कुटुंबाला शिकवणी हवी आहे का, एवढे विचारायला पारपत्र लागत नाही.