रामन यांचा प्रकाश बाजारापर्यंत यावा

सागराला निळाई कोठून येते, हा प्रश्न १९२१ साली भूमध्य समुद्रावरील प्रवासात चंद्रशेखर वेंकट रामन यांना पडला. त्याचाच पाठपुरावा करताना २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यात ‘रामन परिणाम’ हाती आला. पदार्थावर पडलेल्या प्रकाशाचा अत्यल्प अंश रंग बदलून परततो आणि त्या बदलावरून रेणूची ओळख पटते. मात्र ही साक्ष इतकी क्षीण, की विषाचा सूक्ष्म अंश तिच्यातून सहज निसटावा.

१९७४ साली इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथे फ्लाइशमन व त्यांच्या सहकाऱ्यांना खडबडीत केलेल्या चांदीवर हीच साक्ष अनपेक्षितपणे प्रबळ झालेली आढळली. चांदी-सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांमधील फटींत प्रकाश एकवटतो आणि तेथे सापडलेल्या रेणूची खूण लक्षावधी पटींनी ठळक होते. १९९७ मध्ये तर एकेका रेणूची ओळख पटविण्यापर्यंत मजल गेली.

फळांच्या सालीवरील कीटकनाशके, माशांतील मॅलेकाइट ग्रीनसारखे घातक रंगद्रव्य या मार्गाने हुडकता येते, हे प्रयोगशाळांनी दाखविले आहे. असे पृष्ठभाग एकसारखे बनविणे मात्र अद्याप सोपे नाही. मासळीतील फॉर्मेलीनच्या वादाने २०१८ साली गोवा ढवळून निघाला, तेव्हा चाचणीवरील लोकांचा विश्वास किती नाजूक असतो, हे आम्ही सर्वांनी पाहिले.

विज्ञानदिनी रामन यांच्या प्रतिमेस हार घालणे सोपे आहे. त्यांच्या शोधाचे फळ मासळीबाजारात उभ्या असलेल्या गृहिणीच्या पदरात पडेल, तेव्हाच त्यांचे खरे स्मरण झाले, असे आम्ही मानू.